रिपोर्ट ‘बॉर्डरवर’ आला की काय करायचं? टाइप टू मधुमेह समजून घेण्याचा आणि टाळण्याचा पुणेकरांसाठी सविस्तर मार्ग

टाइप टू मधुमेह एका दिवसात होत नाही. रिपोर्टवर उपाशीपोटीच्या शुगरचा १२६ हा मधुमेहाचा आकडा उमटण्याआधी कित्येक वर्षं आत गडबड सुरू असते. त्या काळात माणूस ऑफिसला जातो, लग्नाच्या पंगतीत जेवतो, सिंहगड चढतो आणि दुखतखुपत काहीच नसतं. मधेच कधीतरी कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटीची शुगर १०८ येते. घरात चर्चा होते, “बॉर्डरवर आहे, गोड जरा कमी कर,” आणि फाइल कपाटात जाते.

मला कळकळीने सांगायचंय ते हेच, की फाइल कपाटात ठेवण्याची ही वेळ नाही. आपल्या हातात सगळ्यात जास्त काही असतं ते याच वर्षांत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्व-मधुमेहात आहेत. या दुसऱ्या आकड्यातल्या पुष्कळांना मधुमेह टाळता येईल किंवा बरीच वर्षं लांबवता येईल. ते कसं, ते क्रमाने पाहू.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या

जेवण पचलं की त्यातली साखर, म्हणजे ग्लुकोज, रक्तात येतं. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि ते ग्लुकोज स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवायला लावतं. मार्केट यार्डातले गाळे माल काढलाच नाही म्हणून भरून गेले, की नव्या गाड्या बाहेर रस्त्यावर खोळंबतात. तसंच इथे होतं. स्नायू वापरलेच नाहीत, यकृतात चरबी साठली, की इन्सुलिन कितीही सांगो, साखर आत जात नाही. यालाच इन्सुलिनचा प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून कसंबसं भागवतं. रिपोर्ट नॉर्मल दिसतो. काही वर्षांनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकतात, इन्सुलिन पुरेनासं होतं आणि शुगर चढू लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. मधुमेह फक्त गोड खाल्ल्याने होत नाही, त्यामुळे फक्त गोड बंद करून तो टळतही नाही. दुसरी गोष्ट, स्नायू आणि पोटातली चरबी या दोन ठिकाणी काम केलं तर खोळंबा मुळापासून कमी होतो. पुढचं सगळं याच दोन ठिकाणी येऊन मिळतं.

‘मी तर बारीक आहे’ हा भरवसा सोडा

या विषयातलं जगभर नावाजलेलं काम पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायूही कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळपास टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं प्रमाण जास्त, ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी प्रा. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! एका फोटोने जे पटवलं ते दहा भाषणांनी पटलं नसतं असं मला वाटतं.

म्हणूनच आपल्याकडे वजनाच्या मर्यादा कडक आहेत. पाश्चात्त्य देशांत बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त धरतात. भारतीयांसाठी ही रेषा २३ वर आहे आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरला जातो. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, ही आपल्याकडे ‘सुखवस्तू’ म्हणून कौतुकाने पाहिली जाणारी शरीरयष्टी मधुमेहाच्या दृष्टीने सगळ्यात काळजीची आहे.

पायरी पहिली: टेप काढा आणि गुण मोजा

शिंप्याकडे असतो तसला टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजा. पँटची साइज चालणार नाही, कारण पँट बहुतेकदा ढेरीच्या खाली बांधलेली असते. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत हवा.

आता चेन्नईतल्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तयार केलेली भारतीय जोखीम-गुणांची पद्धत वापरा. चारच प्रश्न आहेत.

वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० आणि पुढे ३० गुण.
पोटाचा घेर: पुरुषांत ९० च्या आत ०, ९० ते ९९ ला १०, १०० किंवा जास्त असल्यास २०. बायकांत ८० च्या आत ०, ८० ते ८९ ला १०, ९० किंवा जास्त असल्यास २०.
हालचाल: नियमित व्यायामही आणि अंगमेहनतीचं कामही असेल तर ०, दोन्हींपैकी एक असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
घरचा इतिहास: आईवडिलांपैकी कुणालाच मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०.

बेरीज ६० किंवा त्याहून जास्त आली तर धोका मोठा, ३० ते ५० मध्यम, ३० च्या आत कमी.

समजा हिंजवडीत काम करणारा ३८ वर्षांचा एखादा इंजिनीअर आहे. घेर ९४, व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह. त्याचे गुण होतात २० अधिक १० अधिक ३० अधिक १०, म्हणजे ७०. वय आणि वडील त्याला बदलता येणार नाहीत. पण नियमित व्यायाम धरला आणि घेर ९० च्या आत आणला, की तो ५० वर येतो.

मानेवर किंवा काखेत काळी, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसत असेल तर तीही लक्षात घ्या. पुष्कळ घरांत मुलांना ‘मान नीट घासत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात. तो मळ नसतो, बरेचदा इन्सुलिनच्या प्रतिरोधाची खूण असते.

पायरी दुसरी: योग्य तपासणी, योग्य पद्धतीने

तिशी ओलांडली की एकदा तपासून घ्याच. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या लोकांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी धरलेली आहे. घराजवळच्या महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करा. गुण ६० च्या वर असतील, घरात मधुमेह असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली असेल तर तिशीचीही वाट पाहू नका.

उपाशीपोटीची शुगर: किमान आठ तास फक्त पाणी. सकाळचा बिनसाखरेचा चहाही नको, कारण त्यात दूध असतं. १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ पूर्व-मधुमेह, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाचेक मिनिटांत प्यायचं आणि दोन तास लॅबमध्येच शांत बसायचं. मधल्या वेळात चक्कर मारायची नाही, सिगारेट ओढायची नाही. १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ पूर्व-मधुमेह, २०० किंवा जास्त मधुमेह. आपल्याकडे कित्येकांची उपाशीपोटीची शुगर ठीक असते आणि बिघाड इथे दिसतो, म्हणून ज्यांचे गुण जास्त आहेत त्यांनी ही तपासणी टाळू नये. घरी जेवून येऊन दिलेली ‘पीपी’ शुगर ही याची जागा घेत नाही. त्या दिवशी ताटात काय होतं यावर ती बदलते.

एचबीएवनसी: तीन महिन्यांची सरासरी. ५.७ च्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ पूर्व-मधुमेह, ६.५ पासून मधुमेह. मात्र रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. आपल्या बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे ते आपण जाणतो, त्यामुळे एवढ्या एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नका. हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा.

तीव्र ताप असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असताना केलेली तपासणी फसवते. घरचं बोटातून रक्त घेणारं यंत्र निदानासाठी नाही. आणि लक्षणं नसताना आकडा मधुमेहाचा आला तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. खूप तहान, सारखी लघवी, काही कारण नसताना वजन घटणं, धूसर दिसणं, जखम न भरणं यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा.

पायरी तिसरी: ताट बदला, पण आपलंच ठेवा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

चहापासून सुरुवात करू. दोन छोटे चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम. घरी दोन आणि ऑफिसखालच्या अमृततुल्यमध्ये दोन कप झाले, की दिवसाला ३५-४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एकदम बंद करणं जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ लवकर सरावते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. ‘गुळाचा चहा’ म्हणून दोन कप जास्त पिणारे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात.

नाश्ता: पोहे, उपमा, इडली, साबुदाण्याची खिचडी. सगळं चविष्ट, आणि बहुतांशी पिष्टमय. पोहे सोडायचे नाहीत, त्यांची बशी लहान करायची आणि सोबत मोड आलेले मूग किंवा एक-दोन उकडलेली अंडी घ्यायची. पोह्यांत मटार, शेंगदाणे, कांदा सढळ हाताने घाला. आठवड्यातले तीन-चार दिवस मुगाचं धिरडं, बेसनाचं पोळं, भाजणीचं थालीपीठ आणि दही असं ठेवा. मिसळीतली मटकीची उसळ उत्तमच आहे. घात करतात ते फरसाण आणि पाव. उसळ जास्त, फरसाण चिमूटभर, पाव एक. रविवारी एवढं पाळलं तरी पुष्कळ.

दुपारचं जेवण: डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर वरणभात असेल तर त्या जेवणात पिष्ट तीनदा आलं. बटाटा भाजी म्हणून मोजू नका. आपल्या ताटात डाव्या बाजूला चमचाभर कोशिंबीर वाढायची पद्धत आहे, ती वाटीभर करा. उजवीकडची भाजीही दुप्पट करा. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबिरीचं, पाव ताट उसळ, आमटी, दही, अंडी, मासे किंवा चिकनचं आणि उरलेलं पाव पोळी-भाकरी-भाताचं. खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, आणि भात शेवटी एक छोटी मूद. या क्रमाने खाल्लं की तेच जेवण शुगर कमी चढवतं.

भाकरीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ज्वारीची, बाजरीची भाकरी चांगलीच, तिच्यात चोथा जास्त असतो आणि पोट लवकर भरतं. पण पिष्टमय भाग तिच्यातही जवळपास गव्हाइतकाच असतो. ‘भाकरीच आहे’ म्हणून तीन खाल्ल्या तर उपयोग नाही. नाचणीची आंबील किंवा सत्त्व घोटून पातळ केलं की ते भाकरीपेक्षा लवकर पचतं आणि शुगर भराभर चढते, हेही लक्षात ठेवा.

उपवास: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. श्रावणात आठवड्यातून दोन-तीनदा खिचडी, वडे आणि बटाट्याचा कीस झाला तर तो महिना शरीराला जड जातो. राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादं फळ यांनी उपवास नीट होतो. वरई हलकी वाटते, पण तीही धान्यच आहे, बेताने घ्या.

सण: गणपतीतले दोन उकडीचे मोदक जेवणासोबत, भात वगळून, आनंदाने खा. अडचण त्या दिवसाची नसते. दिवाळीच्या फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात आणि येता-जाता हात डब्यात जातो, अडचण तिथे आहे. थोडंच करा, वाटून टाका. आंब्याच्या दिवसांत वाटीभर आमरस-पुरीपेक्षा एक लहान हापूस कापून खा, आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा. फळांचा रस नको, अख्खं फळ हवं.

संध्याकाळी साडेपाच-सहाला जी भूक लागते तिची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर वडापाव, खारी किंवा बाकरवडी जिंकतेच. मूठभर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ताक बॅगेत किंवा ऑफिसच्या कपाटात असू द्या. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतही बहुतेकदा मैदा असतो. आणि ट्रॅफिकमधून घरी पोहोचून रात्री दहाला पोटभर जेवणं होत असेल, तर सहा-सातला डब्यातलंच काही खाऊन रात्रीचं जेवण निम्मं करा. शहराच्या वेळा आपल्याला बदलता येत नाहीत, पण ताटाची वाटणी करता येते.

पायरी चौथी: चाला, आणि जोर-बैठकाही काढा

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग. जागेची आपल्याकडे कमतरता नाही: तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर चढ सोडा, बागेत सपाटीवर चाला. चालताना छातीत दडपण आलं किंवा जबडा, डावा हात दुखला तर थांबा आणि तपासून घ्या.

याहून सोपी आणि दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं. रक्तात साखर चढत असते नेमक्या त्या वेळी पायाचे मोठे स्नायू कामाला लागले की ते ग्लुकोज थेट ओढून घेतात, इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता. रात्री जेवून सोफ्यावर बसण्याआधी सोसायटीत चार फेऱ्या मारा. दुपारी कँटीनमधून जागेवर जाताना लिफ्ट सोडा.

आपण बारीक-पण-चरबीवाले आहोत, म्हणून नुसत्या चालण्यावर थांबू नका. स्नायू वाढवायला हवेत. पुण्याच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या ज्या जोर-बैठका काढल्या गेल्या, त्या यासाठी अगदी योग्य आहेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. सुरुवातीला दहा बैठका आणि भिंतीला हात टेकून दहा जोर. साठीच्या पुढच्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. सूर्यनमस्कारही चालतील, फक्त दम लागेल इतके घाला.

याचा उपयोग होतो हे तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या प्रयोगात पूर्व-मधुमेही लोकांनी वजन सात टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं ध्येय ठेवलं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात आहार-व्यायामाने हा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. आपला आकडा लहान आहे, पण तो तुलनेने बारीक आणि कमी वयाच्या माणसांमध्ये मिळालेला आहे. ७० किलोच्या माणसाने पाच किलो उतरवणं हे पहिलं ध्येय पुरेसं आहे, तेही सहा महिन्यांत, घाई न करता. वजन फारसं नसेल तर घेर कमी करण्याकडे लक्ष द्या.

झोप आणि तंबाखू

रोज पाच तास झोपणाऱ्याचं शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही. सात तासांची सोय करा. रात्रपाळी असेल तर मध्यरात्रीचं जेवण हलकं ठेवा. घोरणं मोठं असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. सिगारेटने मधुमेहाचा धोका वाढतो, आणि गुटखा-मिश्रीनेही काही भलं होत नाही.

औषधं, काढे आणि ‘दोनदाच जेवा’

पूर्व-मधुमेहात काही जणांना, विशेषतः वजन जास्त असलेल्यांना किंवा गरोदरपणात शुगर वाढलेल्या स्त्रियांना, डॉक्टर मेटफॉर्मिन सुचवतात. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. बरीच वर्षं ही गोळी घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासावं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी यांनी थोडाफार फरक पडतोही, पण मधुमेह टळल्याची खात्री त्यांतून मिळत नाही. भाजी म्हणून कारलं जरूर खा. ‘मुळासकट बरा करतो’ म्हणणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. दिवसातून दोनदाच जेवण्याने काहींचं वजन उतरतं, हे खरं. मात्र ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असं करू नये, शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते.

घरातल्या मुली आणि होणाऱ्या आया

पुण्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध जास्त आढळला. म्हणजे मधुमेह टाळण्याचं काम मूल जन्मायच्या आधीच सुरू होतं. घरातल्या मुलीला दूध, दही, ताक, खात असाल तर अंडी-मासे नियमित मिळू द्या, आणि लग्नाच्या वयात हिमोग्लोबिनसोबत बी-१२ ही तपासून घ्या.

गरोदरपणात शुगर वाढली आणि बाळंतपणानंतर उतरली, की घरातले सगळे ते विसरतात. त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची आणि पुढे एक ते तीन वर्षांनी करत राहायची. बाळाच्या लसीच्या फेऱ्यांत आईची ही तपासणी हमखास राहून जाते, तेव्हा ती लक्षात ठेवण्याची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी.

पुन्हा कधी तपासायचं

सगळं नॉर्मल आलं आणि गुण कमी असतील तर तीन वर्षांनी. पूर्व-मधुमेह आला असेल तर दर वर्षी, आणि नुकतेच बदल सुरू केले असतील तर तीन ते सहा महिन्यांनी एकदा, म्हणजे उपयोग होतोय का ते कळतं. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. पोटाचा घेर महिन्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर लिहा. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल याच फेरीत उरकून घ्या. आणि तुमची उपाशीपोटीची शुगर १०० किंवा त्याहून जास्त आली असेल तर सख्ख्या भावंडांना आजच फोन करून सांगा, त्यांचीही तपासणी या महिन्यात व्हायला हवी.